मदत हवी आहे : संघ हरत असतानाही चाहते पैसे का घालतात?

नमस्कार मंडळी. क्रीडाचाहत्यांच्या खर्चावर एक लेख लिहितोय आणि एका ठिकाणी अडकलोय.

जिंकल्यानंतरची खरेदी समजते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. अमेरिकी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थ्यांच्या अंगावर विद्यापीठाचं नाव मिरवणारे कपडे जास्त दिसायचे. संघाबद्दल बोलतानाही जिंकल्यावर 'आपण' जिंकलो, हरल्यावर 'ते' हरले.

पण माझ्या धाकट्या भावाचं काय? त्याचा संघ सलग तीन हंगाम तळाला आहे. तरी नवी जर्सी आली की हा पहिल्याच दिवशी घेतो. जुनीच्या पाठीवरचा आकडा धुऊन धुऊन सोलवटलाय, पण तीही टाकवत नाही. घडी घालून कपाटात जपलीय. विचारलं तर म्हणतो, "आत्ताच सोडलं तर मी कसला चाहता?" मला ते मनापासून पटतं, पण लेखात नीट मांडता येत नाहीये.

तुमच्यापैकी कुणी हरणाऱ्या संघावर खर्च करत असेल तर सांगा, पैसे काढताना मनात नेमकं काय असतं? संघाला हातभार, की सोबतच्या चाहत्यांत आपली जागा? आणि हात कधी आखडता घेतलात का, कशामुळे?