एम.टेक., लेहऱ्याचं यंत्र आणि बुरसटलेला तबला

प्रश्न
एम.टेक.चं दुसरं वर्ष, पुण्यात. दिवसभर प्रबंध, रात्री रास्पबेरी पाय पिको या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डवर तीनतालाचा लेहरा (तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी सोळा मात्रांची धून) वाजवणारं यंत्र बनवतोय. कोडमध्ये दर मात्रेमागे स्लीप, म्हणजे ठराविक वेळ थांबायची आज्ञा, टाकलंय, पण दहा-बारा आवर्तनांत लय ढिली पडते. काल चार महिन्यांनी तबल्याची खोळ काढली तर शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला पांढरी बुरशी. पोटात कालवलं. रियाझाला वेळ कसा काढू?

उत्तर १
स्लीपमध्ये तुझ्या कोडला लागणारा वेळ धरलेला नसतो, तो दर मात्रेला साचत जातो. सुरुवातीची वेळ एकदाच नोंदव आणि सोळाही मात्रांच्या वेळा तिच्यापासून मोज. प्रबंध संपेपर्यंत नवा बोर्ड मात्र घेऊ नकोस, कळकळीने सांगते.

उत्तर २
अरे बाळा, बुरशी कोरड्या सुती फडक्याने हलकेच पूस. शाईला पाणी अजिबात नको. रोज वीसच मिनिटं बस, सकाळी, लॅपटॉप उघडायच्या आधी. ‘धा धा तिट धा धा तूना’ हे बोल आधी बरोबरीत, म्हणजे मूळ लयीत, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. पलटे, म्हणजे याच बोलांचे फेरफार, नंतर.

प्रश्नकर्ता
काकू, आज बसलो. दुगुनीत ‘तिट’ अडखळला, पण डग्गा घुमला. ताई, कोड रविवारी बदलतो.