पावसाळ्यात लाईटचा नेम नाही, लिथियम बॅटरीचं चार्जिंग कसं लावू?

आंबेवाडी

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगड तालुक्यात, डीपीपासून लांब, लाईनच्या अगदी शेवटच्या खांबावर. उन्हाळ्याआधी ३ किलोवॅटची पॅनेलं, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी बसवली. मेअखेरपर्यंत तिकडे बघावंसुद्धा लागलं नाही. मृग लागला आणि सगळं विस्कटलं.

माझ्या सासऱ्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशिन) लागतो, मिनिटाला २ लिटर. मशिनच्या पाटीवर ३५० वॅट लिहिलंय. बसवणाऱ्याने आउटपुट एसबीयू ठेवलाय, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी लाईट. चार्जिंग फक्त सोलरवर. आभाळ भरलेलं असलं की दुपारपर्यंत बॅटरी साठ टक्के होते. संध्याकाळी फ्रिज, पंखे, टीव्ही तिच्यावरच चालतात आणि आठपर्यंत ती वीस टक्क्यांवर येते. मग इन्व्हर्टर लाईटवर जातो, आणि नऊ-साडेनऊला नेमकी लाईट जाते.

आमच्याकडे टीओडी मीटर (वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारं) आहे, सकाळी ९ ते ५ युनिट स्वस्त पडतं. म्हणून लाईटवरून चार्जिंगचा टायमर ११ ते ३ लावला, तर त्या वेळात लाईट नव्हती. मग रात्री १ ते ५ केला, तर फिडरच (गावाकडे येणारी मुख्य लाईन) बंद. नक्की कोणती वेळ लावू? रात्री मशिनचा आवाज थांबला तर या भीतीने मला झोप लागत नाही.

सदाशिव पेठ २

ताई, टायमर ९ ते ५ पूर्ण ठेवा. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांना या वेळेत युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली, ती का सोडायची? पाचनंतर लाईटवरून चार्जिंग बंद ठेवा. आम्ही असंच करतो, बिलात फरक दिसतो.

जुना वायरमन

सदाशिव पेठवाले दादा, तुमच्याकडे लाईट जाते ती वीस मिनिटं. इथे माडाचं झावळं तारेवर पडलं की लाईनमन पावसात चिखल तुडवत पोचेपर्यंत रात्र सरते. माझी नोकरीची सगळी वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लाईनवर गेली, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी पैशाचं बघा. तुमची बॅटरी ५.१२ युनिटची. वीस टक्क्यांवरून पूर्ण भरायला चार युनिटं लागतात. सवलत धरून वाचतात दिवसाला सव्वातीन रुपये. घरात ऑक्सिजनवरचा माणूस असताना सव्वातीन रुपयांसाठी बॅटरी रिकामी ठेवायची नाही. टायमर काढून टाका. लाईट कधी असेल हे सब-स्टेशनवरचा ऑपरेटरही सांगू शकत नाही, तर तुम्ही घड्याळ लावणार कशाच्या जोरावर? लाईट जेव्हा येईल तेव्हा, रात्री अडीचला का असेना, बॅटरी भरायला लागली पाहिजे.

त्यासाठी जून ते सप्टेंबर आउटपुट एसयूबी करा. आधी सोलर, मग लाईट, आणि दोन्ही नसेल तरच बॅटरी. चार्जिंगला 'फक्त सोलर'ऐवजी 'सोलर आणि लाईट दोन्ही' निवडा. काही मॉडेलवर हे एसएनयू असं दिसतं. बॅटरी दिवसभर भरलेली बसून राहील आणि लाईट गेली तरच खर्च होईल. सतत शंभर टक्क्यांवर ठेवल्याने लिथियमचं आयुष्य थोडं कमी होतं, पण पावसाळ्यापुरतं ते सोसावं. दिवाळीच्या सुमारास ऊन पडलं की पुन्हा एसबीयूवर जा. तेव्हाही बॅटरी सोडून लाईटवर जायची मर्यादा वीस न ठेवता पन्नास टक्के ठेवा.

आता रात्रीचा हिशेब. मशिन ३५० वॅट, दहा तास, म्हणजे साडेतीन युनिटं. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दोन असतील तर आणखी ०.६. इन्व्हर्टर स्वतः ५० वॅटच्या आसपास खातो, हे कोणी धरत नाही, ते अर्धं युनिट. झाली ४.६. बॅटरीतलं शेवटचं दहा टक्के सोडलं आणि डीसीचं एसी करताना होणारी घट वजा केली, तर हातात येतात सव्वाचारच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी शंभर टक्के असूनही पहाटेपर्यंत जेमतेम पुरेल, तेही फ्रिज आणि टीव्ही बंद असेल तर. फ्रिज इन्व्हर्टरच्या आउटपुटवरून काढून थेट लाईटवर टाका, वायरिंगवाला तासाभरात करून देईल.

टक्के दिसतात म्हणता, पण ते बीएमएसकडून (बॅटरीतलंच नियंत्रण करणारं सर्किट) येतात की इन्व्हर्टर व्होल्टेजवरून अंदाज बांधतो? बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये कम्युनिकेशन केबल आहे का ते बघा. या बॅटरीचं व्होल्टेज वीसपासून सत्तर टक्क्यांपर्यंत दीड-दोन व्होल्टच हलतं आणि लोड पडला की तेवढं खालीही बसतं. नुसत्या व्होल्टेजवर विसंबून 'अजून निम्मी आहे' असं समजू नका.

आणि एक सांगा. रात्री आठ-साडेआठला इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर लाईटचं व्होल्टेज किती दिसतं? तुम्ही लाईनच्या टोकाला आहात म्हणून विचारतोय. ते कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

औसा रोड

मधेच विचारतो, माफ करा. आमच्याकडे लिथियम नाही, साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी). लाईट दोन तास येते, परत जाते. बॅटरी कधी फुल होतच नाही. हेच सेटिंग चालेल का?

जुना वायरमन

नाही, तिचं वेगळं आहे. १५० एएचला १५ अँपिअरच्या आसपास करंट द्यायचा, म्हणजे रिकामी भरायला दहा-बारा तास. त्यातही शेवटचा टप्पा फार हळू भरतो. दोन-दोन तासांच्या लाईटमध्ये तो कधी पुरा होत नाही, प्लेटांवर सल्फेट बसतं आणि बॅटरी वर्षा-दोन वर्षांत लुळी पडते. तुम्ही लोड कमी करा, निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका, आणि लाईट सलग असेल त्या दिवशी तिला पूर्ण भरू द्या. पाण्याची पातळी बघत राहा, डिस्टिल्ड वॉटरच घाला.

आंबेवाडी

काका, तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. केबल होती, पण इन्व्हर्टरच्या बाजूने काढून ठेवलेली. जोडल्यावर कालपर्यंत ४८ दाखवणारी बॅटरी ३१ टक्के निघाली.

व्होल्टेज साडेआठला १६२ दिसलं. शेजारी दिवे मिणमिणत होते आणि आमचा इन्व्हर्टर मात्र बॅटरीवर चालत होता. मला वाटलं बिघडला.

जुना वायरमन

मला हाच संशय होता. बिघडलेला नाही. इनपुट रेंज 'यूपीएस'वर असली की इन्व्हर्टर १७० व्होल्टच्या खाली लाईट घेतच नाही. लाईट असूनही तुमची बॅटरी खाली होत होती. तीच रेंज 'अप्लायन्स'वर केली तर ९० व्होल्टपर्यंत घेतो, पण थांबा, लगेच बदलू नका. लाईट चालू असताना इन्व्हर्टर तेच व्होल्टेज पुढे सोडतो. १६० व्होल्टवर कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर तापेल.

इन्व्हर्टरच्या आधी, मीटरकडच्या बाजूला, ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, १३० व्होल्टपासून काम करणारा. मग रेंज आहे तीच राहू दे. लाईटवरून चार्जिंगचा करंट ३० अँपिअरच्या वर नेऊ नका. ३० ला दीड किलोवॅट ओढला जातो आणि तीन तासांच्या आत बॅटरी भरते. ५० केलात तर अडीच किलोवॅट ओढाल आणि टोकाच्या तारेवरचं व्होल्टेज आणखी बसेल. लो व्होल्टेजचा लेखी अर्ज शाखा कार्यालयात द्या, त्यात घरी ऑक्सिजनचा पेशंट असल्याचं लिहा आणि पोच घ्या.

शिवाय ऑक्सिजनचा बी टाईप सिलेंडर एक भरून घरात ठेवा, रेग्युलेटर लावून तयार. दीड हजार लिटरचा असतो, २ लिटरवर बारा तास जातो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात कितीतरी गावांना दिवसेंदिवस लाईट नव्हती. तशा वेळी कुठलंही सेटिंग पुरणार नाही.

आंबेवाडी

स्टॅबिलायझर कणकवलीहून उद्या येतोय. सिलेंडरचं डॉक्टरांशी बोलले, ते चिठ्ठी देतायत. स्टॅबिलायझरला वेगळा एमसीबी लागेल का?

जुना वायरमन

हो, ३२ अँपिअरचा, स्टॅबिलायझरच्या आधी. आणि बायपास चेंजओव्हर स्विच लावून घ्या, म्हणजे स्टॅबिलायझर बंद पडला तरी लाईट इन्व्हर्टरपर्यंत पोचेल. अर्थिंग तपासल्याशिवाय वायरमनला पैसे देऊ नका.