तगमग: तुमची कधी झाली होती? अनुभव लिहा

तगमग हा शब्द मी पहिल्यांदा उन्हाळ्यातच ऐकला. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, रात्री आम्ही सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर झोपायचो आणि आजी या कुशीवरून त्या कुशीवर, मध्येच उठून पदर ओला करून अंगावर घ्यायची, म्हणायची, "जीवनी तगमग व्हई ऱ्हायनी रे भो." मोठं झाल्यावर कळलं की भर थंडीतही तगमग होते. तुमचं सांगा, अहिराणीत लिहिलं तर फारच छान.

रावेरकर:
केळीवाल्याला विचारा. मे संपत आलेला, घड भरलेले, कटाई चार दिवसांवर, आणि रात्री वारा सुटला. ११-१२ महिने लेकरासारखी जपलेली बाग, घडाच्या वजनानं झाड आधीच वाकलेलं असतं, त्याला असा वारा किती वेळ सोसणार? लाईट गेलेली, बाहेर जाता येईना, घरात बसवेना, ओट्यावरून दारात नि दारातून ओट्यावर हेच रात्रभर. सकाळी निम्मी बाग आडवी. रडलो, पण खरं सांगतो, तगमग तेव्हा थांबली होती. ती नुसती कळेपर्यंतच असते.

भुसावळ:
आम्ही याला धाकधूक म्हणतो, रिझल्टच्या आदल्या रात्रीची.

अमळनेरची लेक:
धाकधूक छातीत होते हो, तगमग अख्ख्या अंगात. लग्नानंतरची पहिली आखाजी (अक्षय तृतीया), मला माहेरी न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून सकाळी येणार होता, दुपार टळली तरी पत्ता नाही, फोन लागेना. आदल्या आठवडाभर जी होती ती हुरहूर, गोडच वाटायची, झोक्याची आठवण यायची. पण त्या दुपारी भाकरीचं पीठ मळता मळता तीनदा दाराशी जाऊन आले, हाताला पीठ तसंच. सासूबाईंनी परात ओढून घेतली, म्हणाल्या, तू जा, दारातच उभी राहा. त्यांचं ते वाक्य मी विसरणार नाही.

सध्या पुण्यात:
बाबांना ॲडमिट केल्याचा फोन आला, रात्रीच्या गाडीनं निघालो. गाडी भुसावळच्या आउटरला, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला उभी राहिली. समोर स्टेशनचे दिवे दिसतायत, मी दारात उभा, सीटवर बॅग तशीच सोडलेली. बाबा आता बरे आहेत, शेतातही जातात. पण गावी जाताना आउटर आला की मी अजूनही उठून दारात येतो.