घासण्यातून वीज नव्हे
सायकलच्या दिव्याला वीज देणारा डायनामो टायरवर घासतो, त्या घासण्यामुळेच वीज तयार होते असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाही, घासणं फक्त डायनामोचं डोकं फिरवण्यापुरतं. शाळेत असताना बाबांच्या सायकलचा बंद पडलेला डायनामो मी खोलला होता: आत दांड्यावर गोल चुंबक, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक फिरतं, वेटोळं जागचं हलत नाही. वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र सारखं उलटसुलट होतं, म्हणून वीज निघते. शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेने १८३१ साली दाखवलं तेच. ही वीज एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी, साधारण ६ व्होल्ट, ३ वॅट. म्हणजे नाव डायनामो, पण खरा तो अल्टरनेटर, म्हणजे एसी वीज बनवणारं यंत्र! दिव्याकडे एकच वायर जाते, परतीची वाट सायकलच्या सांगाड्यातून. डायनामो सांगाड्याला आवळणाऱ्या क्लॅम्पखाली गंज चढला की ही वाट अडते, मग दिवा मिणमिणलाच म्हणून समजा.