युरिया पाव भागाने कमी केला, उतारा तेवढाच आला. खरं मानायचं का?

प्रश्न:
गव्हाला यंदा युरिया पाव भागाने कमी टाकला, तोही दोनाऐवजी तीन हप्त्यांत. उतारा गेल्या वर्षीइतकाच पडला. घरात सगळे खूश आहेत, माझं मन मात्र मानत नाही. पुढच्या हंगामात आणखी कमी करू का? विहिरीचं पाणी चांगलं राहावं असं मनापासून वाटतं, पण पीक हातचं गेलं तर झेपणार नाही.

उत्तर:
यंदा थंडी लांबली होती का? थंडी टिकली की दाणा चांगला भरतो आणि श्रेय खताच्या डोसाला जातं. गेल्या सालाशी तुलना नको, शेजारच्या पट्ट्याशी करा.

उत्तर:
अगदी बरोबर. मी यात फसलोय. कमी खताचा पट्टा बांधालगत धरला होता, आणि तिथे पूर्वी शेणखताचा ढीग असायचा. पट्टा हिरवागार! पुढच्या वर्षी तोच डोस सगळ्या रानात टाकला तर फुटवेच कमी.

आता एकाच रानात शून्य, निम्मा, पाऊण आणि पूर्ण असे चार डोस घेतो, प्रत्येकाचे तीन-तीन पट्टे. कुठला कुठे, ते चिठ्ठी टाकून. चिठ्ठी हा पोरखेळ नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात गेले आणि तिथे त्यांनी शेतीच्या प्रयोगांत हीच रीत रुजवली. बियाणं, पेरणीची तारीख, पाणी सगळं सारखं. कडेच्या ओळी सोडून मधलाच गहू मळून तोलायचा.

शून्याचा पट्टा पिवळा पडताना बघून जीव तुटतो. पण जमीन स्वतःहून किती देते, हे तोच सांगतो. रॉथमस्टेडच्याच ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून एक पट्टा खताविना आहे, तो अजूनही हेक्टरी साधारण एक टन गहू देतो! म्हणून एका वर्षाच्या उताऱ्यावर जाऊ नका, जमिनीतल्या साठ्यानेही तुम्हाला सांभाळून घेतलं असेल. निदान तीन हंगाम तेच पट्टे त्याच जागी ठेवा.

प्रश्नकर्ता:
शून्याची हिंमत होत नाही. निम्म्यापासून सुरू केलं तर?

उत्तर:
शून्य ठेवाच, फक्त अरुंद ठेवा. पेरणीयंत्राची एक फेरी पुरे. मग हिशेब सोपा आहे: शेवटच्या गोणीने जो गहू वाढला, त्यातून त्या गोणीचे पैसे फिटले का? युरियातलं पिकाने न उचललेलं नत्र (नायट्रोजन) नायट्रेट होऊन विहिरीकडे झिरपतं. थोडं नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. तुमच्या विहिरीची काळजी आणि तुमचा नफा, दोन्ही त्याच गोणीत आहेत.

आणि पोत्यांवर पट्ट्याचा नंबर शेतातच टाका. मळणीच्या घाईत ती हमखास मिसळतात, माझा एक अख्खा हंगाम तसाच वाया गेला.