शब्दचर्चा : लागेबांधे, साटंलोटं, संगनमत, फितुरी

प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या दिवाळी अंकासाठी २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीवरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. त्या वर्षी दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांच्या उमेदवाराला देशाशी बेइमान ठरवत होते. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना सरकारी ईमेल घरच्या खासगी सर्व्हरवर ठेवले, म्हणून एका बाजूचा संताप. डोनाल्ड ट्रम्प यांचं रशियाशी काहीतरी आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचा.

या दुसऱ्या आरोपासाठी इंग्रजीत एकच शब्द सतत वापरला गेला : कोल्यूजन, म्हणजे आतून केलेली हातमिळवणी. मी 'साटंलोटं' लिहिलं. सासूबाई सध्या इथंच आहेत, त्यांनी कच्चा मजकूर वाचला आणि पेन्सिलीनं त्या शब्दाभोवती गोल काढला. म्हणाल्या, "अगं, साटंलोटं म्हणजे आपली मुलगी त्यांच्या घरी द्यायची न् त्यांची आपल्याकडं करायची. माझ्या आत्याचं तसंच झालेलं. यात कुणी काय दिलं न् काय घेतलं, ते कुठं लिहिलंयस?"

मला उत्तर देता आलं नाही. नेमका शब्द कोणता घ्यावा? आणि ट्रीझनला, म्हणजे देशाच्या शत्रूला मिळण्याच्या गुन्ह्याला, राजद्रोह म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर जागी गोल काढलाय.

साटंलोटं म्हणजे दोन्हीकडून देवाणघेवाण. लग्नातली ती पद्धत बहुतेक ठिकाणी मागं पडली, पण शब्दातला हिशेब टिकून आहे. ठेकेदाराचं आणि नगरसेवकाचं साटंलोटं आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ठेका इकडून गेला आणि पाकीट तिकडून आलं हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. एवढा पुरावा हाताशी नसेल तर हा शब्द लिहू नये.

या आरोपाच्या तपासासाठी विशेष वकील म्हणून रॉबर्ट मलर यांची नेमणूक मे २०१७ मध्ये झाली आणि अहवाल एप्रिल २०१९ मध्ये लोकांसमोर आला. त्या चारशेहून जास्त पानांत सुरुवातीलाच त्यांनी शब्दांची झाडाझडती घेतली आहे. कोल्यूजन नावाचा गुन्हा अमेरिकेच्या संघीय फौजदारी कायद्यात नाही, म्हणून त्या शब्दानं मोजमाप करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांनी पाहिलं ते दोन गोष्टींकडे : कट होता का, आणि संगनमत (त्यांचा इंग्रजी शब्द 'कोऑर्डिनेशन') होतं का. संगनमताला त्यांनी कसोटी लावली ती अशी की, उघड असो वा न बोलता झालेली, पण दोघांत सहमती हवी. एकाची चाल बघून दुसऱ्यानं आपली चाल खेळली, एवढ्यानं ते सिद्ध होत नाही.

निष्कर्ष तीन पायऱ्यांचा आहे, आणि तिन्ही पायऱ्या मराठीत आल्याच पाहिजेत. ट्रम्प निवडून आले तर आपला फायदा आहे असं रशियन सरकारला वाटत होतं आणि त्यासाठी त्यांनी खटपट केली. रशियाच्या खटपटीतून चोरलेली माहिती बाहेर आली तर आपल्याला मतांचा फायदा होईल अशी ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेची अपेक्षा होती. मात्र प्रचारयंत्रणेतल्या लोकांनी रशियन सरकारशी कट किंवा संगनमत केल्याचं तपासातून सिद्ध झालं नाही.

म्हणून माझी सूचना : लेखात कोल्यूजन जिथं 'आरोप' म्हणून येतं तिथं 'संगनमत' लिहा. आपल्याकडच्या आरोपपत्रांत 'आरोपींनी आपसांत संगनमत करून' हे इतकं रुळलेलं आहे की वाचकाला ते आरोपाच्याच सुरात ऐकू येईल. भेटीगाठी, फोन, ९ जून २०१६ ची ट्रम्प टॉवरमधली रशियन वकिलाबरोबरची ती बैठक, या सगळ्याला 'लागेबांधे' म्हणा. लागेबांधे असणं संशयाचं असतं, तरी तो शब्द सौदा झाला असं म्हणत नाही.

आणि 'रशियाचा हेर' मुळीच नको. हेरणं हे आपल्याकडं डोळसपणाचं काम आहे. बहिर्जी नाईकांमुळे मराठी माणसाच्या मनात हेराला मान आहे. परक्यासाठी काम करणाऱ्याला आपण 'हस्तक' म्हणतो, आणि तो शब्द तर साटंलोट्यापेक्षाही जड आहे. रशियाचा 'हस्तक्षेप' झाला हे सिद्ध आहे. त्यातला 'क्षेप' गाळला की वाक्य एका माणसाला गुन्हेगार करून मोकळं होतं. घाईच्या मथळ्यांत मी हे घडताना पाहिलंय, आणि अजून त्रास होतो.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं, पण दुसरी बाजूही तितक्याच काट्यावर तोला. आमच्या घरात भावाभावांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. एक ट्रम्पना फितूर म्हणे, दुसरा क्लिंटनना. दोघांनाही मराठी उत्तम येतं. म्हणून सांगतो.

५ जुलै २०१६ ला एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी जाहीर केलं की क्लिंटन यांनी परराष्ट्र खात्याला परत दिलेल्या सुमारे तीस हजार ईमेलांपैकी ११० मध्ये, पाठवले किंवा आले त्या वेळीच गोपनीय असलेला मजकूर होता. पण खटला भरण्याची शिफारस त्यांनी केली नाही. क्लिंटन आणि त्यांचे सहकारी 'अत्यंत बेफिकीर' होते, असे शब्द त्यांनी वापरले. त्या निवेदनाच्या आधीच्या मसुद्यात 'घोर निष्काळजीपणा' असं होतं, हे पुढच्या वर्षी बाहेर आलं. आणि घोर निष्काळजीपणा हे तिथल्या हेरगिरीच्या कायद्यातल्या एका कलमाचे शब्द आहेत. म्हणजे एक विशेषण बदललं आणि वाक्य कायद्याच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभं राहिलं. मराठीत दोन्हींना सरसकट 'निष्काळजीपणा' म्हटलंत तर ही सगळी लढाई वाचकाला दिसणारच नाही. पहिल्याला 'बेफिकिरी' किंवा 'हयगय' ठेवा. दुसऱ्यालाच 'घोर निष्काळजीपणा'.

त्याच महिन्यात क्लीव्हलँडच्या रिपब्लिकन अधिवेशनात 'तिला आत टाका' हा घोष झाला. व्यासपीठावरून त्याला साथ देणारे, नंतर ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झालेले मायकल फ्लिन यांनी पुढं डिसेंबर २०१७ मध्ये, रशियन राजदूताशी झालेल्या बोलण्याबद्दल एफबीआयला खोटं सांगितल्याची कबुली दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. लेखात हे लिहिणार असाल तर तिथंही 'खोटं सांगितलं' एवढंच लिहा. गुन्हा तोच कबूल झाला होता.

प्रतिसाद

राजद्रोहाबद्दल. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो.

ताई, तो शब्द अमेरिकेला लावू नका. तिथं राजा नाही, एवढंच कारण नाही. आपल्या कानात राजद्रोह म्हटलं की टिळक उभे राहतात. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात 'केसरी'तल्या लेखांवरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. सत्तेविरुद्ध बोलणं, लिहिणं हा त्या शब्दाचा गाभा होता, आणि म्हणूनच त्या खटल्यातला आरोपी लोकांना देशभक्त वाटला. ट्रीझनचा रोख सत्तेवरच्या टीकेकडं नसतो, तो शत्रूला मिळण्याकडं असतो. 'देशद्रोह' म्हणा.

पण तोही जपून. अमेरिकी राज्यघटनेत व्याख्या केलेला गुन्हा हा एकच. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, किंवा शत्रूच्या बाजूला जाऊन त्याला मदत नि आसरा देणं, याशिवाय दुसरं काही त्यात बसत नाही. शिवाय एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर भर न्यायालयात दिलेली कबुली. इंग्लंडात राजाच्या मर्जीनुसार हा आरोप ताणला जाई, ते पाहून घटनाकारांनी मुद्दाम वेस घातली. अणुबॉम्बची गुपितं रशियाला पोचवल्याच्या प्रकरणात १९५३ मध्ये रोझेनबर्ग पती-पत्नींना मृत्युदंड झाला, तोसुद्धा देशद्रोहासाठी नव्हे, हेरगिरीच्या कटासाठी. जुलै २०१८ मध्ये हेलसिंकीत ट्रम्प-पुतिन यांची पत्रकार परिषद झाल्यावर सीआयएच्या माजी संचालकांनी ट्रम्प यांचं वागणं देशद्रोहाहून कमी नाही असं म्हटलं. ते संतापाचं बोलणं होतं, कलमाचं नव्हे. अशा ठिकाणी मी असतो तर 'देशाशी बेइमानी' लिहिलं असतं. बेइमानीचं माप मनाशी असतं, तिला साक्षीदार लागत नाहीत.

मूळ प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. फितुरी हा शब्द मात्र सुटला होता, त्यावर काल घरात बोलणं झालं.

सासूबाई म्हणाल्या, फितुरी किल्ल्याच्या आतून होते. दिंडी आतूनच उघडावी लागते. बाहेरच्यानं हल्ला केला तर तो हल्ला, आतल्यानं कडी काढली तर फितुरी. त्यांनी सूर्याजी पिसाळाचं नाव घेतलं आणि लगेच थांबल्या. "त्यानं खरंच केलं का, यावरही वाद आहे म्हणतात. पण नाव कायमचं गेलं."

मला त्यावरून अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातलं साराटोगा आठवलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही ते रणांगण पाहायला गेलो होतो. तिथं १८८७ साली उभारलेला एक दगड आहे, त्यावर नुसता एक बूट कोरलाय. ऑक्टोबर १७७७ च्या लढाईत तिथं पायाला जखम झालेल्या सेनानीचं ते स्मारक. त्याला सैन्यातला सर्वांत तेजस्वी सैनिक म्हटलंय, पण नाव कुठंच नाही. तो बेनेडिक्ट अर्नोल्ड. १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या हाती द्यायचा बेत त्यानं केला, आणि त्याच्याशी बोलणी करणारा इंग्रज अधिकारी मेजर आंद्रे पकडला गेला तेव्हा त्याच्या मोज्यात ते कागद सापडले. इथं आजही कुणाला गद्दार म्हणायचं तर अर्नोल्ड म्हणतात. माझ्या मुलीनं विचारलं होतं, "एवढा शूर होता तर नाव का नाही लिहिलं?" तिला फितुरी शब्द तेव्हा शिकवला. कागद सापडले होते, म्हणून तो वापरायला मला जड गेलं नाही.

लेखात फितुरी हा शब्द आता एकदाच येईल, अर्नोल्डसाठी. साटंलोट्याचं ते मूळ वाक्य मी असं केलंय : 'ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेतल्या काही जणांचे रशियाशी लागेबांधे असल्याचं दिसलं, संगनमत सिद्ध झालं नाही.' सासूबाईंनी वाचलं. या वेळी पेन्सिल हातात होती, गोल काढला नाही. 'लागेबांधे' पुढं फक्त एक बारीक टिंब दिलं आणि म्हणाल्या, "कुणाकुणाचे, ते नावानिशी लिही. काही जणांचे म्हटलं की सगळ्यांवर जातं." आज रात्री ती यादी करायला बसणार आहे.