लंडन ते पॅरिस: विमान की युरोस्टार रेल्वे? आई-बाबांसाठी सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन ताईकडे लंडनला, हॅरोला जातोय. तिथून चार दिवस पॅरिस. बाबा ७४ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, पण रांगेत फार वेळ उभं राहवत नाही. आयफेल टॉवर बघायचा हे आई माझ्या लहानपणापासून म्हणत आलीये, तेव्हा पॅरिस तर करायचंच आहे.

अडलोय ते वेळेपाशी. नकाशावर सरळ अंतर ३४४ किमी दाखवतं. विमानाच्या वेळा पाहिल्या तर जाताना १०.०० ला सुटून १२.२० ला पोचतं आणि येताना १०.०० ला सुटून १०.२० ला! बाबा म्हणतात, काहीतरी चुकलंय, आधी विचारून घे. खरा वेळ किती धरायचा? आणि घरातून निघून हॉटेलात टेकेपर्यंत त्यांना कमी त्रास कशात होईल? आमच्याकडे यूकेचा व्हिसा आलाय, तो पॅरिसला चालतो ना?

प्रतिसाद:

वेळा बरोबर आहेत. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं, म्हणून दोन्ही बाजूंनी प्रवास १ तास २० मिनिटांचाच. त्यातही हवेत जेमतेम तासभर, बाकी धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्यात जातो.

पण आधी व्हिसाचं बघा. यूकेचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेन व्हिसा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) वेगळा लागतो. तो भारतातूनच करून निघा. इथे यूकेत पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज सहसा घेत नाहीत. मे म्हणजे गर्दीचे दिवस, आजच अपॉइंटमेंट बघा.

बाबांसाठी मी डोळे मिटून रेल्वे सांगेन. विमानाला दोन तास आधी पोचा, उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला लोकलने अर्धा-पाऊण तास. घर ते हॉटेल सहा तास सहज जातात. युरोस्टार लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून सुटते, आणि हॅरो-ऑन-द-हिलहून लंडन मेट्रोची मेट्रोपॉलिटन लाईन थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला जाते, गाडी बदलायला नको. तिथे सव्वा-दीड तास आधी पोचा. फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही लंडनलाच होते, त्यामुळे पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनला उतरलं की थेट शहरात. गाडीला सुमारे सव्वादोन तास लागतात. समुद्राखालचा ५० किमीचा बोगदा वीसेक मिनिटांत सरतो.

सामान वजन करून घेत नाहीत, फक्त नगांची आणि आकाराची मर्यादा असते. व्हीलचेअरची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा, पैसे लागत नाहीत. विमानतळावरही ती मिळते, पण तिथली अंतरंच मोठी.

तिकीट मात्र आत्ताच काढा, आयत्या वेळी फार महाग पडतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार! व्हिसाचं खरंच माहीत नव्हतं, सोमवारीच अर्ज करतो. एकच शंका राहिली: ताई पॅरिससाठी साजूक तुपातले बेसनाचे लाडू करून देणार म्हणतेय. नेता येतील?

प्रतिसाद:

नका नेऊ. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि तूप त्यातच आलं. दशम्या दुधातल्या नकोत. तेलातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या.